ॲन्कीवर ज्युनिअर्ससाठी डेक बनवला, खर्च शून्य पण डोकं तापलं

ज्युनिअर पोट्टे मागे लागले होते, दादा ॲनाटॉमीचं काहीतरी बनवून दे. आता मेडिकल चौकात अख्ख्या बॅचसाठी रंगीत झेरॉक्स काढायची तर पैसे कोण देणार, म्हणून दोन महिने ॲन्कीवर बसलो. ॲन्की म्हणजे प्रश्न-उत्तराची कार्डं बनवून रोज उजळणी करवून घेणारं सॉफ्टवेअर, न अशा कार्डांचा गठ्ठा म्हणजे डेक.

सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉम्प्युटरवर पण न ॲन्ड्रॉइडवर पण. आयफोनचं ॲप तेवढं विकत, 25 डॉलरच्या आसपास, पण ब्राउजरमध्ये ॲन्कीवेब उघडलं तरी भागतं. माझा लॅपटॉप मोठ्या भावाचा जुना, 4 जीबी रॅमचा, त्यावर सुद्धा चालून राहिलं. दिसायला मात्र एकदम रुक्ष, पहिले दोन दिवस तर कुठे काय दाबायचं तेच कळत नव्हतं.

खरा माल म्हणजे इमेज ऑक्लुजन, म्हणजे चित्रातली नावं झाकून ती ओळखायला लावायची. 2023 पासून हे आतच आलंय, आधी वेगळं ॲड-ऑन टाकावं लागायचं. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं, मी वहीत काढलं होतं, त्याचाच फोटो टाकला आणि 5 रूट, 3 ट्रंक, 3 कॉर्ड, 5 शेवटच्या शाखा, सगळ्या नावांवर चौकोन ओढले, दहा मिनिटांत 16 कार्ड तयार. फक्त सगळं झाकून एक विचारायचा पर्याय घ्या बे, नाहीतर अप्पर न लोअर ट्रंक उघडे दिसतात, मग मधला मिडल हे माझी आजी पण सांगेल.

हिस्टॉलॉजीचे, म्हणजे ऊतींच्या स्लाइडचे फोटो मायक्रोस्कोपच्या आयपीसवर मोबाईल धरून काढले. हात हलायचा, थायरॉइडच्या जागी नुसता गुलाबी धूर. शेवटी पुठ्ठ्याची नळी करून सेलोटेपनं चिकटवली तेव्हा थायरॉइडच्या बारक्या पिशव्यांमधला (फॉलिकल) कोलॉइड नीट दिसला. फोटो लहान करूनच टाका, नाहीतर डेक व्हॉट्सॲपवर पाठवताना रडाल.

नेटवरून चित्रं उचलू नका, कॉपीराइटचं लफडं होते. ग्रेज ॲनाटॉमी या जुन्या पुस्तकाची 1918 ची अमेरिकन आवृत्ती कॉपीराइटमुक्त आहे, ती घ्या. पहिल्या आवृत्तीची चित्रं काढणारा कार्टर पुढे मुंबईला ग्रँट मेडिकलमध्ये शिकवायला होता म्हणे, मला आत्ताच कळलं. नावं तेवढी तपासा, त्यात इनॉमिनेट आर्टरी लिहिलंय ती आपली ब्रेकिओसेफॅलिक ट्रंक.

कार्डाच्या मागे मी दोन ओळी मराठीत टाकल्या, क्लॉ हँडमध्ये (नस दुखावल्यावर हात पंजासारखा होतो तो) बोटं काऊन वाकतात वगैरे. गडचिरोलीकडच्या एकाला डेकमधलं तेच सगळ्यात आवडलं.

एक घोळ माझ्याच हातून झाला. सिंक करताना, म्हणजे लॅपटॉप न ॲन्कीवेबवरची कार्डं सारखी करताना, अपलोड की डाउनलोड विचारते, मी घाईत डाउनलोड दाबलं, दीडशे कार्ड गायब. नशीब ॲन्की आपोआप बॅकअप ठेवते, तिथून परत आले.

न रोजची 20 नवीन कार्डं आहेत ती वाढवू नका, एकानं 100 केली, आठवड्यात रिव्ह्यूचा, म्हणजे जुन्या कार्डांच्या उजळणीचा, असा डोंगर झाला की त्यानं ॲपच उडवलं.

डेक वाटल्यावर चौथ्या दिवशी एका पोरीचा मेसेज, दादा मिडियल न लॅटरल कॉर्ड उलटे लिहिलेत. खरंच उलटे होते. दुरुस्त करून फाइल परत पाठवली, तीच पुन्हा इम्पोर्ट केली तर कोणाचा झालेला अभ्यास पुसला गेला नाही. तिला तर्री पोहे द्यायचे राहिलेत अजून.