जुनी साइट, लिंक्डइन की ई-मेल: करसल्लागारानं लिहावं कुठे?

१ एप्रिल २०२६ ला आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि करांवर लिहिणाऱ्यांचं जुनं लेखन एका रात्रीत शिळं दिसायला लागलं. गुंतवणुकीवर करवजावट देणारं ८०सी आता कलम १२३ झालंय. १९४सी, १९४जे ही टीडीएसची (पैसे देतानाच कर कापण्याची) ओळखीची कलमं ३९३ च्या तक्त्यात गेली. वर्षानुवर्षं नेटानं स्वतःच्या साइटवर लेख टाकणाऱ्या सीएला किंवा करसल्लागाराला प्रश्न पडणारच: हे सगळं दुरुस्त करत बसायचं, बाडबिस्तरा लिंक्डइनवर हलवायचा, की क्लायंटना सरळ ई-मेल पाठवत राहायचं?

पटकन वाचलं जाण्यात लिंक्डइन पुढे आहे, वादच नाही. सकाळी टाकलेलं संध्याकाळपर्यंत शंभर जणांच्या नजरेखालून जातं. पण ते शंभर जण कोण, हे एकदा नीट बघा. बहुतेक तुमच्याच व्यवसायातले असतात. मोठ्या फर्ममध्ये जायचंय, परिषदांमध्ये बोलायचंय, तर हेच वाचक हवेत. चाकणचा छोटा फॅब्रिकेटर मात्र तिथे भेटत नाही. तो रात्री दुकान बंद केल्यावर गुगलवर शोधतो. शिवाय महिन्यापूर्वीची पोस्ट तुमची तुम्हालाच सापडत नाही.

ई-मेलचे वाचक कमी, पण हक्काचे. यादी तुमच्या ताब्यात राहते. सबस्टॅकसारखी न्यूजलेटर पाठवणारी सेवा वापरलीत तरी ती उतरवून घेता येते. १५ जूनच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या हप्त्याची आठवण द्यायला याहून बरं साधन नाही. अडचण एकच: पाठवलेली चूक परत घेता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरही संदेश बदलायला १५ मिनिटंच मिळतात.

आणि इथेच माझं मत साइटकडे झुकतं. या विषयात लेखाची किंमत तो लिहिला त्या दिवशी ठरत नाही, वाचला जातो त्या दिवशी ठरते. उदाहरण घ्या. जुलै २०२६ मध्ये एखादी शिक्षिका आर्थिक वर्ष २०२५-२६ चं विवरणपत्र भरतेय. तिला जुना, १९६१ चाच कायदा लागू, म्हणून ८०सीच बघायचं. त्याच आठवड्यात ती पीपीएफमध्ये पैसे भरते, ते मात्र नव्या कायद्याच्या कलम १२३ खाली. मर्यादा दोन्हीकडे दीड लाखच, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच उपयोग. हा गुंता एकाच पानावर, जुन्याच पत्त्यावर, वर 'सुधारित' तारीख टाकून सोडवता येतो. लिंक्डइनची जुनी पोस्ट बदलता येते, पण ती पुन्हा कोणी बघत नाही; ई-मेलमध्ये तर नवंच लिहावं लागतं आणि जुनं, चुकीचं तसंच फिरत राहतं.

साइटचा खर्च? डोमेनचे पैसे किरकोळ, खरा खर्च वेळेचा. त्यात आता गुगल वरच एआयचं उत्तर दाखवतं, त्यामुळे 'अमुक कलम म्हणजे काय' छापाच्या लेखांना पूर्वीसारखे वाचक मिळणं कठीण. म्हणून सगळं दुरुस्त करू नका. 'बजेटमधले ठळक मुद्दे' बिनदिक्कत उडवा. दोन कायद्यांमध्ये अडकलेली प्रकरणं, नोटीस आल्यावर काय करायचं, असे पंधरा-वीस लेख ठेवले तरी पुष्कळ.

नवे क्लायंट नकोतच, आहेत तेच सांभाळायचेत, असं असेल तर साइटचा खटाटोप सोडा, ई-मेल पुरे. नोकरी शोधत असाल तर लिंक्डइन. शेजारपाजारचे छोटे व्यावसायिक हवे असतील तर साइट, तीही मराठीत. (सीएंनी काहीही निवडलं तरी आधी आपल्या संस्थेची आचारसंहिता वाचावी, वकिलांना तर जाहिरातीवर बंधन घालणारा बार कौन्सिलचा नियम ३६ आहेच.)

साइट बंदच करायची ठरलं तरी डोमेनचं नूतनीकरण दोन-तीन वर्षं चालू ठेवा. सोडलेली नावं दुसरेच कोणीतरी उचलतात, आणि तुमच्या व्हिजिटिंग कार्डावरच्या पत्त्यावर उद्या जुगाराची जाहिरात झळकायची.