कॅनवाली गॅस शेगडी: आठ महिने वापरून झाल्यावर

मे महिन्यात घेतली ही शेगडी. ती सुटकेससारख्या डब्यात येते ना, बाजूच्या खणात बुटेनचा कॅन आडवा बसतो, तीच. तेव्हापासून मुळशी, दिवेआगर, भंडारदरा धरून सात-आठ वेळा बाहेर नेली, आणि मधे घरचा सिलिंडर संपला तेव्हा दोन दिवस हिच्यावरच भागलं.

पेटवायला सोप्पी. कॅनची खाच जुळवायची, खटका खाली दाबायचा, नॉब फिरवला की झालं. बाबा ट्रेकला रॉकेलचा स्टोव्ह न्यायचे, पिन मारून मारून जीव जायचा आणि पोह्यांनापण रॉकेलचा वास, त्यामानाने हे सुखच आहे. पावसाळ्यात मात्र ठिणगी रुसते, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाच.

खरी डोकेदुखी वाऱ्याची. दिवेआगरला संध्याकाळी असा वारा सुटला की पाणी गरमच होईना, मग आम्ही शहाणपणा करून चारी बाजूंनी पत्रा लावला, वर भाकरीसाठी मोठा तवा ठेवला, आणि दहा मिनिटांत खट्ट आवाज होऊन गॅस बंद. पुन्हा लावला, पुन्हा खट्ट. बिघडली म्हणून दुकानदाराला शिव्या घालून झाल्या, मग कॅनच्या खणाला हात लावला तर चटका बसला! कॅन तापला की आतला दाब वाढतो आणि खटका आपोआप सुटतो, म्हणजे शेगडी बिचारी आम्हालाच वाचवत होती. आता आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला आणि खणावर येईल एवढं रुंद भांडं अजिबात नाही. भाकऱ्या घरूनच.

डिसेंबरात भंडारदऱ्याला उलटी गंमत. पहाटे ज्योत अगदी मलूल, कारण थंडीत बुटेनचा वायू नीट होत नाही, त्यात जळताना कॅन स्वतःच अजून गार पडतो. दुसऱ्या रात्री कॅन स्लीपिंग बॅगमधे घेऊन झोपलो (बायकोने यावरून अजून सोडलेलं नाही), सकाळी चहा व्यवस्थित झाला.

२२० ग्रॅमचा कॅन फुल ज्योतीवर सव्वा-दीड तास जातो. चौघांचं पिठलं-भात, दोनदा चहा, सकाळचे पोहे एवढ्याला एक पुरतो, पण मी दोन नेतो. एका दुकानात रिकामा कॅन घरच्या सिलिंडरमधून भरून देतो म्हणाले. नको रे बाबा. त्या गॅसमधे प्रोपेनपण असतो, दाब जास्त, आणि हा कॅन पातळ पत्र्याचा. आणि कितीही पाऊस असला तरी टेंटच्या आत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. रेल्वेत, विमानात कॅन चालत नाही, तिकडे पोचल्यावरच घ्यायचा.

गाडीने जाणाऱ्यांनी बिनधास्त घ्या. पाठीवर घेऊन गड चढायचा असेल तर डब्यासकट हे धूड कोण वाहणार, त्यांनी कॅनच्या डोक्यावर बसणारा छोटा बर्नर बघावा. मी पुढच्या महिन्यात राजमाचीला चाललोय, तिथे गावात घरगुती जेवण मिळतं, त्यामुळे शेगडी माळ्यावरच.