घरी बसवलेला रिकंडिशन सेल्फ: एक परीक्षण

जुन्या पेट्रोल गाडीचा सेल्फ (इंजीन फिरवून चालू करणारी विजेची मोटर) निकामी झाला की मालकापुढे तीन मार्ग असतात: कंपनीचा अस्सल नवा भाग, बाजारात मिळणारा इतर बनावटीचा नवा भाग, किंवा आपला जुना सेल्फ जमा करून त्याच्या बदल्यात घेतलेला रिकंडिशन, म्हणजे झिजलेले भाग बदलून दुरुस्त केलेला, सेल्फ. मी तिसरा मार्ग निवडला. फोंड्यातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानातून हा सेल्फ आणला, घराच्या अंगणात स्वतः बसवला आणि संपूर्ण पावसाळा वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत असे की, आतील काम मनापासून केलेले आहे. परंतु त्यावर चढवलेला रंग गोव्याच्या हवेत गाडीला त्रासदायक ठरू शकतो आणि तो काढल्याशिवाय हा भाग बसवू नये.

खरेदीपूर्वी दोष खरोखर सेल्फचाच आहे याची खात्री करणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे निर्दोष सेल्फही सर्रास उतरवले जातात. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर मल्टिमीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो आणि सेल्फ मारताना हा आकडा सुमारे ९.६ च्या खाली जाऊ नये. किल्ली फिरवल्यावर टकटक असा सलग आवाज येत असेल तर संशय आधी बॅटरीवर आणि तिच्या टर्मिनलवर घ्यावा. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन पुढे काहीच घडत नसेल तर सोलेनॉइडचे (सेल्फवरील विद्युत-चुंबकी स्विचचे) संपर्क, कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) किंवा जाड तारेतील अडथळा संभवतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा इंजीन फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. प्रवाह १५० अँपिअर धरला आणि गंजलेल्या जोडात केवळ ०.०१ ओहमचा विरोध असला, तरी तिथल्या तिथे दीड व्होल्ट वाया जातो. समुद्राची खारी हवा आणि जूनपासून मुरणारी ओल यांमुळे गिअरबॉक्सपासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी येथे लवकर खराब होते. माझ्या गाडीत ती पट्टी साफ करून आणि तारा तपासूनही सेल्फ अडखळतच फिरत होता, तेव्हाच मी पाना हातात घेतला.

दुकानाचे काम पाहताना समाधान वाटले. बदली द्यायचा सेल्फ त्यांनी समोर उघडून दाखवला. कार्बन ब्रश नवे होते, दोन्ही बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या धातूच्या बांगड्या) नवे होते, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) लेथवर हलकासा घासून त्याच्या पट्ट्यांमधील खाचा स्वच्छ केलेल्या होत्या. बुश बदलण्याला मी विशेष महत्त्व देतो. ते झिजले की आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) मध्यावरून ढळते, बाजूच्या चुंबकीय पोलांना घासू लागते आणि इंजीन तापलेले असताना सेल्फ जड फिरतो. पुष्कळ ठिकाणी केवळ ब्रश बदलून हा दोष तसाच सोडला जातो. सोलेनॉइडमधील तांब्याचे संपर्क बदललेले होते. पिनियन (इंजिनाच्या दात्यांत गुंतणारे सेल्फचे लहान दातेरी चाक) एका दिशेने मोकळा फिरतो आणि उलट दिशेने घट्ट धरतो, हेही त्यांनी हाताने फिरवून दाखवले. इंजीन चालू झाल्यावर त्याचा वेग आर्मेचरपर्यंत पोहोचू नये, यासाठी ही एकदिशा क्लचची व्यवस्था असते. मग सेल्फ वायसमध्ये (टेबलावरच्या शिकंजात) आवळून बॅटरीवर चालवला. ही चाचणी उपयुक्त असली तरी अपुरी आहे, कारण भार नसताना दुबळा सेल्फही जोरात फिरतो. भाराखाली किती प्रवाह लागतो हे पाहण्याची सोय त्या दुकानात नव्हती.

आता रंगाविषयी. संपूर्ण सेल्फवर चंदेरी रंगाचा थर होता आणि तो गिअरबॉक्सला टेकणाऱ्या तोंडावरही होता. बहुतेक लहान गाड्यांत सेल्फला ऋण बाजूची स्वतंत्र तार नसते. सगळा प्रवाह या धातूच्या तोंडातून गिअरबॉक्समध्ये आणि तेथून बॅटरीकडे परत जातो. म्हणजे ज्या जागी निखळ धातूला धातू भिडला पाहिजे, नेमकी तीच जागा रंगवलेली होती. मी पॉलिश पेपरने ते तोंड आणि बोल्टांच्या डोक्यांखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासली आणि बसवून झाल्यावर कडेने ग्रीसचा पातळ हात फिरवला. जाड तारेच्या टर्मिनलवरील रबरी टोपीही दिलेली नव्हती. जुनी काढून वापरावी लागली. पाऊस आणि रस्त्यावरचा लाल चिखल थेट अंगावर घेणाऱ्या भागावर ही टोपी नसणे मला अक्षम्य वाटते.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण शिस्त मागते. सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी, कारण सेल्फकडे जाणाऱ्या जाड तारेला बहुधा फ्यूज नसतो आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. गाडीखाली जायचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. आपल्या अंगणांतील माती पावसाने मऊ होते, म्हणून स्टँडखाली जाड फळी हवीच. माझ्या गाडीत सेल्फ दोन बोल्टांवर धरलेला आहे आणि वरच्या बोल्टासाठी लांब एक्स्टेंशन लागते. जुना आणि नवा सेल्फ शेजारी ठेवून पिनियनचे दात मोजावेत, लांबी आणि बोल्टांची छिद्रे ताडून पाहावीत. गिअरबॉक्सचे आवरण ॲल्युमिनियमचे असल्याने बोल्ट आधी हातानेच आटे धरेपर्यंत फिरवावेत.

सेल्फ उतरवलेला असतानाच फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) रिंगचे, म्हणजे पिनियन ज्यांत गुंततो ते, दात टॉर्चने पाहून घ्यावेत. इंजीन बंद होताना ठरावीक जागीच थांबते, चार सिलिंडरचे साधारण दोन ठिकाणी आणि तीन सिलिंडरचे तीन ठिकाणी. त्यामुळे दातांची झीजही तेवढ्याच जागी एकवटते. म्हणून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीला पाना लावून पूर्ण फेरा फिरवल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही. तेथील दात खाल्लेले असतील तर उत्तमातला उत्तम सेल्फही खरखरणारच.

वापरातील अनुभव चांगला आहे. थंड इंजीन चटकन चालू होते आणि भर दुपारी तापलेले इंजीनही पूर्वीसारखे रेंगाळत नाही. रायबंदर ते चोडण फेरीबोटीवर इंजीन बंद करून उभे राहिल्यावर पलीकडच्या धक्क्यावर पहिल्या फटक्यात गाडी चालू होणे किती मोलाचे आहे, हे मागे गाड्यांची रांग घेऊन उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक असेल. तेथे या सेल्फने एकदाही अडवले नाही. पिनियन गुंतण्याचा आवाज मूळ सेल्फपेक्षा किंचित कडक आहे, मात्र तो वाढलेला नाही.

किमतीचा विचार करता जुना सेल्फ जमा करून द्यावी लागलेली रक्कम अस्सल नव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी होती. हमीच्या अटी मात्र मला पटल्या नाहीत. सहा महिन्यांच्या हमीतून पाणी शिरल्याने होणारे नुकसान वगळलेले आहे आणि गोव्यात सेल्फ बिघडण्याचे ते अगदी नेहमीचे कारण आहे. पावतीवर केलेल्या कामाचा तपशील लिहून मागितला असता दुकानदारांनी तो विनातक्रार लिहून दिला, याची नोंद त्यांच्या बाजूने केली पाहिजे. ज्यांना मल्टिमीटर वापरता येतो आणि रंग घासून काढण्याची तयारी आहे, त्यांनी हा सेल्फ जरूर घ्यावा. ज्यांच्या गाडीत सिग्नलला थांबताच इंजीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होण्याची सोय आहे, त्यांच्यासाठी मात्र मी त्याची शिफारस करणार नाही. तेथे सेल्फला कितीतरी अधिक वेळा काम करावे लागते, तो त्यासाठी मुळातच अधिक टिकाऊ घडवलेला असतो, आणि साध्या ब्रश-बुशांनी दुरुस्त केलेला भाग त्याची जागा घेऊ शकत नाही.