शाळेच्या सभागृहातील एअर रायफल रेंज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या आमच्या विद्यालयात एनसीसीचा कनिष्ठ विभाग आहे आणि त्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. छात्रांना ०.२२ रायफलीने गोळीबार करण्याची संधी वर्षातून एखाद्या शिबिरातच मिळते, तीही मोजक्या गोळ्यांची, आणि तोवर वर्गात शिकवलेले निम्मे विसरलेले असते. म्हणून पालक-शिक्षक संघाच्या मदतीने आम्ही जूनमध्ये जुन्या सभागृहात १० मीटर अंतराच्या तीन मार्गिका आखल्या. साहित्यात नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, छर्रा भरायच्या दोन स्प्रिंग रायफली, साठवलेल्या हवेच्या दाबावर चालणारी एक पीसीपी रायफल, तिचा हातपंप, छर्रे अडवणारे तीन लोखंडी पेलेट ट्रॅप आणि कागदी लक्ष्ये होती. जानेवारीपर्यंत तीस छात्रांनी हे साहित्य आठवड्यातून दोन दिवस वापरले.

०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर बोरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला आपल्याकडे परवाना लागत नाही. त्यामुळे काही पालकांनी तिला खेळण्यात जमा केले होते. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जातो हे पहिल्याच सभेत स्पष्ट सांगितले, संमतीपत्रे घेतली आणि कपाटाला दोन कुलपे लावून त्यांच्या किल्ल्या दोघांकडे ठेवल्या. गोळीबाराच्या रेषेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा असतो, माझ्याही.

सगळ्यात चांगली खरेदी कोणती, असे कोणी विचारले तर मी रायफलीचे नाव घेणार नाही, ट्रॅपचे घेईन. पैसे वाचवण्यासाठी मी आधी प्लायवूडवर गोणपाट ताणून पाहिले होते. छात्रांना बोलावण्यापूर्वी एकट्यानेच चाचणी घेतली हे बरे झाले, कारण तिसराच छर्रा उलटून आला आणि घरंगळत माझ्या बुटाशी थांबला. ट्रॅपमध्ये तिरका बसवलेला पत्रा असतो. छर्रा त्याच्यावर चपटा होतो आणि खालच्या खोक्यात पडतो. आठ महिन्यांत एकही छर्रा परतलेला नाही. खोके मात्र हातमोजे घालूनच रिकामे करावे, कारण आत शिशाची भुकटी साचते, आणि सभागृह कोरडे न झाडता ओल्या फडक्याने पुसावे. साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही, हा आमचा नियम आहे.

पीसीपी रायफल नेमाला अप्रतिम आहे, यात वाद नाही. तिला झटका जवळजवळ नाहीच. परंतु २०० बार (बार हे दाबाचे माप) इतक्या दाबापर्यंत हातपंप मारणे हे वर्गाच्या तासात बसणारे काम नव्हे, आणि गोव्याच्या जुलैमध्ये तर पंपाबरोबर बाहेरची ओलही नळकांड्यात जाते. दुसऱ्या महिन्यात दाब सोडला तेव्हा झडपेपाशी पाण्याचे थेंब दिसले. पंपाला ओल शोषणारी गाळणी जोडता येते, हे मला विक्रेत्याने सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. गाळणी बसवल्यावर तक्रार उरली नाही, तरी ही रायफल शाळेने पहिली म्हणून घ्यावी असे मला वाटत नाही.

स्प्रिंग रायफली दणकट आहेत, पण त्यांच्या दोन खोडी आधी कळायला हव्या होत्या. नळी मोडण्यासाठी जोर लागतो आणि आठवीतल्या बऱ्याच छात्रांना तो झेपत नाही. छर्रा भरताना नळी हातातून सुटली किंवा ट्रिगर दबला तर ती उसळून मिटते आणि बोटे चिरडू शकतात, म्हणून नळीवरचा हात शेवटपर्यंत काढायचा नाही हे पाठ करून घ्यावे लागते. दुसरी खोड धरण्यातली आहे. ०.२२ रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून घट्ट धरण्याची ज्यांना सवय होती, त्यांचे छर्रे लक्ष्यभर विखुरले. स्प्रिंग सुटताना रायफल पुढे-मागे हलते. तिला कठीण आधारावर दाबून न धरता तळहातावर सैल ठेवावे लागते. मलाही हे उमगायला तीन आठवडे लागले.

जूनच्या पहिल्या पावसात नळीवर तांबूस ठिपके आले आणि मी घाईघाईने, जरा सढळ हाताने, तेल घातले. पुढच्या दिवशी पहिल्याच बाराला फटाक्यासारखा आवाज झाला, निळसर धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास सुटला. दाबाने तापलेल्या हवेत तेल पेटते, ही चूक सर्वस्वी माझी. आता नळी बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसतो, आत थेंबही सोडत नाही, आणि कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या दर पंधरवड्याला तव्यावर शेकून घेतो. कागदी लक्ष्येही पावसाळ्यात मऊ पडतात. टोकदार छऱ्याने ती फाटतात, सपाट तोंडाच्या छऱ्याने त्या मानाने स्वच्छ गोल भोक पडते.

०.२२ च्या गोळीबारानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून हिशेब लागतो. छऱ्याला पुंगळीच नाही. म्हणून प्रत्येकाला सोड्याच्या बाटलीच्या झाकणात पाच छर्रे मोजून देतो, त्यामुळे छर्रे ओठांत धरण्याची घाणेरडी सवयही गेली. बार संपले की नळीतून नारिंगी नायलॉनची दोरी आरपार ओवायची. ही दोरी ग्रास कटरची आहे, पावसाळ्यात आमच्याकडे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि नळीपेक्षा बारीक असल्याने सहज जाते. सप्टेंबरमध्ये एका मुलाचे झाकण रिकामे होते, पण लक्ष्यावर भोके चारच. दोन छर्रे एकाच भोकातून गेले, असा त्याचा ठाम दावा होता आणि मित्र टाळ्या वाजवायच्या बेतात होते. दोरी मात्र आत जाऊन अडली. नळी मोडून पाहिली तर पाचवा छर्रा जागेवर बसलेला होता. तोवर तो मुलगा उठून उभा राहिला होता आणि रायफल त्याच्या हातात होती. त्या दिवसापासून दोरी दिसल्याशिवाय कोणीही उठत नाही.

आदेश हिंदीतले असतात आणि त्यात ‘शिस्त लेना’ म्हणजे नेम धरणे. पहिल्या दिवशी मी ते म्हणताच अर्धी रांग ताठ बसली! जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच, हे सांगितल्यावर शब्द पक्का झाला. माशी म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेली खूण. नेम धरताना ‘सर, माशी हालता’ ही तक्रार सगळ्यांचीच असते. माशी हलणारच, ती स्थिर होईल म्हणून वाट पाहत श्वास कोंडला की ती जास्त हलते. यावर उपाय कोऱ्या, म्हणजे छऱ्याशिवायच्या, सरावाचा आहे, पण स्प्रिंग रायफल छऱ्याशिवाय कधीही उडवू नये, दट्ट्या समोर आपटून खराब होतो. आमच्या पीसीपीत ड्राय फायरची, म्हणजे अशा कोऱ्या सरावाची, सोय आहे. त्यामुळे पावसाळाभर ती नळीवर रुपयाचे नाणे ठेवून ट्रिगर दाबण्याच्या सरावालाच वापरली गेली, आणि त्यासाठी तिचे पैसे वसूल झाले असे म्हणता येईल.

गुण मी पहिले चार महिने मोजलेच नाहीत. १० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे अर्धा मिलिमीटर असते, पेन्सिलीच्या टोकाएवढे. याच अंतरावर अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये सुवर्ण मिळवले, हे सांगितले की मुले ठिपक्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. आम्ही मात्र पाच भोके किती जवळ आहेत एवढेच पाहिले. जानेवारीपर्यंत अकरा छात्रांची पाचही भोके दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली जाऊ लागली.

सर्वांत अवघड विद्यार्थी ठरले ते ज्यांच्या घरी पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक आहे. त्यांना बंदुकीची भीती नव्हती, पण ती काठीसारखी खांद्यावर टाकण्याची सवय होती. त्यांतल्या एकाच्या वडिलांनी डिसेंबरमध्ये मला शाळेच्या फाटकाशी गाठून विचारले, ‘सर, ती नारिंगी दोरी कितीची?’

आज पुन्हा सुरुवात केली असती तर स्प्रिंगच्या दोन रायफली आणि तीन ट्रॅप एवढेच घेतले असते, आणि पीसीपी दुसऱ्या वर्षी, गाळणीसकट. पुढच्या मेपूर्वी कपाटासाठी आर्द्रता दाखवणारे मीटर आणि छात्रांसाठी लहान दस्त्याची (खांद्याला टेकवायच्या भागाची) एक रायफल घेणार आहे. चौथी मार्गिका सध्या नको, कारण रेषेवर एकाच वेळी माझी नजर तिघांवरच पुरते.