दुबईत फ्रोझन चिकन मागवायचंय: ब्राझील, युक्रेन की थायलंड?

दुबईत ट्रेडिंगचं लायसन्स काढून पहिला कंटेनर आणू पाहणारा आपल्याकडचा माणूस भेटला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: टनाला डॉलर किती? मी उलट विचारतो, माल कुणाला विकणार? मंदी (अरबी पद्धतीचा मांस-भात) आणि अल फहम (निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी) विकणाऱ्यांना ठरावीक वजनाची अख्खी कोंबडी लागते, शावरमावाल्याला बोनलेस, केटररला नगेट. देश त्यावरून ठरतो.

ब्राझील

अख्ख्या फ्रोझन कोंबडीत, म्हणजे ग्रिलरमध्ये, ब्राझीलला तोड नाही. जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार; मका-सोया घरचा, त्यामुळे खाद्य स्वस्त. शंभर-शंभर ग्रॅमच्या फरकाने हवं ते वजन मिळतं, आणि आखाती देशांसाठी हलाल कत्तलीची घडी तिथे केव्हाच बसली आहे. अडचण अंतराची. माल महिना-दीड महिना समुद्रात असतो, म्हणून रमजानचा माल तीन महिने आधी बुक झालेला बरा.

खोक्यावर ‘एसआयएफ’ नंबर असतो, तो त्या कत्तलखान्याचा. ब्रँड विसरा, हा नंबर पाठ करा. २०२१ मध्ये सौदीने ब्राझीलचे ११ प्लांट यादीतून काढले. बाकीच्यांचा माल जातच राहिला. राज्यही बघा. रिओ ग्रांदे दो सुलमध्ये मे २०२४ मध्ये महापूर आला, जुलैत मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) निघाली, आणि मे २०२५ मध्ये त्याच राज्यातल्या मोंतेनेग्रो गावी बर्ड फ्लू; ब्राझीलच्या व्यावसायिक फार्मवरचा तो पहिलाच. चीन आणि युरोपीय संघाने अख्ख्या देशाचा माल थांबवला, काही देशांनी फक्त त्या भागाचा. १८ जूनला ब्राझीलने स्वतःला रोगमुक्त जाहीर केलं खरं, पण मधल्या काळात ज्याचे सगळे प्लांट त्याच राज्यातले होते त्याला झोप कुठली? कंपनी एकच असली तरी एक प्लांट दुसऱ्या राज्यातला, पाराना किंवा सांता कातारिनातला, असू द्या.

युक्रेन

मालाबद्दल माझी तक्रार नाही, वाटेबद्दल आहे. २०२२ मध्ये युद्धाने काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली, २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. शिवाय २०२२ मध्ये युरोपीय संघाने काही काळासाठी जकात माफ केली, तेव्हापासून युरोपचं गिऱ्हाईकही तुमच्या शेजारी उभं आहे. दुसरा पुरवठादार म्हणून जरूर ठेवा, सगळी भिस्त मात्र नको.

थायलंड

२००४ च्या बर्ड फ्लूने कच्च्या मालाच्या बाजारपेठा गेल्या आणि थायलंड शिजवलेल्या मालाकडे वळला. आज नगेट, ग्रिल्ड तुकडे, स्क्युअर (काडीला लावलेले तुकडे) यांत तो पक्का. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू टिकत नाही, त्यामुळे साथीतही हा माल सहसा कमी अडतो. ग्रिलरसाठी तिकडे जाऊ नका.

(भारतातून का नाही, हे हमखास विचारतात. नामक्कलची अंडी आखातात येतात, पण आपल्याकडची बहुतेक कोंबडी जिवंतच विकली जाते. निर्यातीच्या दर्जाचे कत्तलखाने आणि कोल्ड चेन तोकडी आहे.)

ऑर्डर दिल्यावर

व्यवहार साधारण असा: काही रक्कम आगाऊ, उरलेली कागदपत्रांच्या प्रती आल्यावर. म्हणजे कंटेनर उघडण्याआधीच तुमचे पैसे गेलेले असतात. म्हणून लोडिंगच्या वेळी तिथे स्वतःचा तपासनीस उभा करा आणि तापमानाची नोंद ठेवणारा डेटा लॉगर आत टाकायला लावा. सरकारी शिक्का म्हणजे हमी, असं धरून चालू नका. मार्च २०१७ मध्ये ब्राझीलच्या पोलिसांनी ‘कार्ने फ्राका’ कारवाईत उघड केलं ते निरीक्षकांच्या लाचखोरीचं प्रकरणच होतं. हलाल प्रमाणपत्र देणारी संस्था अमिरातीच्या मान्य यादीत आहे का, हेही जहाज सुटण्यापूर्वी बघा.

माल आला की दहा कोंबड्या वजन करून वितळवा, पाणी निथळू द्या, पुन्हा वजन करा. दर खोक्यामागे तुम्ही किती बर्फ विकत घेतलात ते कळेल. पुढच्या ऑर्डरचा भाव करताना हाच आकडा पुढे करायचा.

महिन्याला एकच कंटेनर झेपत असेल तर पारानाचा ग्रिलर घ्या. त्याच आठवड्यात युक्रेनच्या एका प्लांटचं लेबलही दुबई पालिकेकडे नोंदवून ठेवा, ऑर्डर द्यायची नसली तरी.