माळवद, पत्रा की स्लॅब? मराठवाड्यात घराला हात घालण्याआधी

गावाकडचं जुनं दगड-मातीचं घर, हातात सरकारी घरकुल योजनेचे पैसे आणि थोडीफार बचत. माळवदाचीच, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर असलेल्या छताचीच, डागडुजी करावी, ते उतरवून पत्रे टाकावेत, की सगळं पाडून स्लॅबचं बांधावं? बहुतेक घरांत हा निर्णय खर्च आणि उन्हाळा बघून होतो. भूकंप, अवकाळीचा वारा आणि सप्टेंबरची झड यांचा विचार मागे राहतो, आणि जीव जातात ते त्यामुळेच.

आधी वजन बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट मातीचं माळवद असेल, तर डोक्यावर सात टनांच्या आसपास भार असतो. तेवढ्याच खोलीचा चार इंची स्लॅब सव्वादोन-अडीच टनांचा. लोखंडी पत्रे पाइपांसकट क्विंटल-दीड क्विंटलमध्ये बसतात.

माळवदाच्या गारव्याला तोड नाही. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की पत्र्याच्या घरातली माणसं दुपारी माळवदाखाली येऊन बसतात. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच घराखाली. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भिंती दोन ते चार फूट जाड होत्या, पण दोन पदरी: बाहेर दगड, आत दगड, मधे माती आणि बारीक कपची. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नव्हता. हादऱ्याने पदर सुटले आणि दर पावसाळ्याआधी टाकून टाकून वाढलेली पांढरी माती खाली आली. हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, त्यामुळे हा विषय जुना झालेला नाही.

झडीचंही तेच. दिवसेंदिवस पाऊस लागला की माती पाणी पिऊन जड होते आणि त्याच वेळी भिंतीतली माती मऊ पडते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने धाराशिव, बीड, लातूरकडच्या गावांना ते पुन्हा दाखवलं.

तरीही यंदा माळवदातच राहणं भाग असेल, तर पाऊस लागण्याआधी जुनी माती उतरवून वीतभरच ठेवा आणि तिच्याखाली जाड प्लास्टिक अंथरा. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरप्या लाकडाचा किंवा अँगलचा आधार मारून घ्या. भिंतीत दर दोन फूट उंचीवर आणि चार-चार फुटांवर आरपार दगड किंवा सळई घालून काँक्रीट भरता येतं. जाणत्या गवंड्याला विचारा. फुगलेल्या भिंतीशेजारी कुणाचंही अंथरूण नको.

पत्र्याखाली छताने जीव जाण्याची भीती सर्वांत कमी. भिंत मात्र तीच राहिली तर धोकाही बराचसा तोच राहतो. पत्र्याचा खरा शत्रू एप्रिल-मेमधलं वादळ. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायची आपल्याकडे सवय आहे. कृपा करून ती सोडा. वाऱ्याने किंवा हादऱ्याने तेच दगड खाली झोपलेल्या लेकरांवर येतात. पत्रा हुकबोल्टने पाइपाला आवळा आणि पाइप भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात गाडा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेल, तर सिमेंटच्या पत्र्यापेक्षा लोखंडी घ्या. उष्णता राहतेच, वरून चुन्याचा पांढरा हात दिला की थोडी कमी होते.

या तिन्हींपेक्षा वाईट पर्याय गावोगाव दिसतो: जुन्या दगड-मातीच्या भिंतींवरच नवा स्लॅब. बऱ्याच माळवदांचा भार लाकडी खांबांवर असतो. ते खांब काढून स्लॅब थेट मातीच्या भिंतीवर टेकवला, की कमकुवत भिंतीला आजवर न पेललेलं ओझं पेलावं लागतं. पैसे वाचले असं वाटतं, पण हे करू नका.

नवा स्लॅब चांगला, पण तो खालपासून नवा हवा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्या. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे काँक्रीटचे पट्टे घराभोवती सलग फिरले पाहिजेत. कोपऱ्यात गज तोडायचा नाही, वळवायचा. दार कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवा. घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागात १,२०,००० रुपये आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. एवढ्यात भागवायचं तर गिलावा, फरशी मागे ठेवा. पट्टे मागे ठेवू नका.

आणि बांधकाम उन्हाळ्यात काढू नका. टँकरच्या पाण्यावर घर चालवणारं कुटुंब स्लॅबला दहा दिवस पाणी मारू शकत नाही, आणि कोरडा राहिलेला स्लॅब कच्चाच राहतो. दिवाळीनंतर विहिरीला पाणी असतं, तेव्हा हात घाला.

माझं मत स्पष्ट आहे. पैसे पुरत असतील तर लहान पण पट्ट्यांचं स्लॅबचं घर. कमी पडत असतील तर नव्या भिंती, तेच पट्टे आणि वर घट्ट आवळलेले पत्रे. काहीच हातात नसेल तर या उन्हाळ्यात माती उतरवणं, त्याला मजुरीपलीकडे फार लागत नाही.

वीज पडण्याचा प्रश्न यातलं कोणतंच छत सोडवत नाही, कारण माणसं बहुधा शेतात आणि झाडाखाली दगावतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर असू द्या. आहे त्या घराचे आतून-बाहेरून फोटो आजच काढून ठेवा. पडझड झाली तर तलाठ्याच्या पंचनाम्याला ते उपयोगी पडतात. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपयांची मदत आहे. सातबारा, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ ठेवा आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही पाठ असू द्या.