म्हातारी मांजर घरी परत आणताना: सरळ मोकळीक, हॉलमधला पिंजरा, वेगळी खोली की आहे तिथंच?

घराचं बांधकाम निघतं, बदली होते, बाळंतपण असतं, आणि घरातली जुनी मांजर काही महिन्यांसाठी गावाकडं आईकडं जाते. तिला परत आणायची वेळ येते तोवर इकडं दोन तरण्या मांजरी आलेल्या असतात, लेकरांच्या हट्टापायी कुत्र्याचं पिल्लू आलेलं असतं. मग लातूर, परभणी, नांदेडकडच्या ओळखीच्या घरांतून मला फोन येतात: आणून सरळ सोडू का, थोडे दिवस कोंडून ठेवू?

माझं मत आधीच सांगते. मांजर दहाच्या पुढची असेल आणि घरात तिच्या माघारी नवी जनावरं आली असतील, तर वेगळी खोली. बाकीचे मार्ग चुकीचे नाहीत, पण ते ठरावीक घरांतच लागू पडतात. आणि खोली म्हणजे कुठलीही खोली नव्हे. मराठवाड्यातल्या घरांत ही निवड नीट केली नाही, तर खोलीच जिवावर बेतू शकते.

"तिचंच तर घर आहे"

हे वाक्य मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलंय. आपल्या डोळ्यांना ते खरं वाटतं. मांजर मात्र घर ओळखते ते वासानं. गालाजवळच्या ग्रंथी दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायाला, आपल्या पोटरीला घासून ती जागोजागी आपली खूण करून ठेवते. ती वर्षभर नव्हती तेव्हा त्या खुणा पुसल्या गेल्या आणि त्याच जागांवर दुसऱ्यांनी आपल्या खुणा केल्या. तिच्या लेखी ती परक्याच्या घरात शिरलेली असते, आणि घरातल्या मांजरींच्या लेखी ही पाहुणी न सांगता आलेली असते. वर्ष कशाला, एका दिवसासाठी दवाखान्यात जाऊन औषधाचा वास घेऊन आलेल्या मांजरीवर तिचीच सोबतीण फिस्कारते, हे अनेकांनी पाहिलं असेल.

सरळ सोडणं

मांजर आठ-पंधरा दिवसांसाठीच बाहेर होती, तिच्या माघारी घरात नवं कुणी आलं नाही आणि आधी सगळ्यांचं पटत होतं, तर सरळ सोडायला हरकत नाही. आल्या आल्या तिच्या जुन्या अंथरुणाचं कापड तिच्या अंगावरून फिरवा आणि पहिली रात्र तेवढी तिला तुमच्याजवळ झोपवा.

याच्या पलीकडच्या घरांत मी हा मार्ग सुचवत नाही. तरण्या मांजरीला सोडलं आणि भांडण झालं, तर ती एका उडीत कपाटावर चढते आणि विषय तिथं संपतो. म्हाताऱ्या मांजरीला ती उडी जमत नाही. अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या १०० मांजरींचे एक्स-रे तपासले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९० टक्के मांजरींच्या सांध्यांत झीज दिसली. आपल्याला मात्र ती लंगडताना दिसत नाही. ती फक्त ओट्यावर चढायचं सोडते, लिटर ट्रेच्या उंच कडेला बिचकते, पाठीवरचे केस चाटायचे राहून गाठी होतात. अशा मांजरीला पळता येत नाही आणि वर चढता येत नाही, मग ती पलंगाखाली कोपरा धरते. मांजरीच्या मनात पहिल्या मारामारीची धास्ती बसली की ती निघायला महिने लागतात, आणि घाईत वाचवलेले चार दिवस असे दसपट होऊन अंगावर येतात.

हॉलमध्ये पिंजरा

भाड्याचं घर, दोनच खोल्या, माणसं सहा. अशा वेळी लोक मोठा पिंजरा आणून हॉलच्या कोपऱ्यात ठेवतात. विचार असा की सगळे एकमेकांना बघतील आणि सवय होईल.

बघणं हीच तर अडचण आहे. मांजरींच्या व्यवहारात टक लावून बघणं म्हणजे धमकी. पिंजऱ्यातल्या म्हातारीला तोंड फिरवून जायला जागा नसते. दोन्ही बाजूंनी तरण्या मांजरी बसतात, कुत्र्याचं पिल्लू नाक घालतं, टीव्ही चालू असतो. शिवाय तेवढ्या जागेत जेवणाची ताटली आणि शी-शूचा ट्रे शेजारी शेजारी येतात. मांजरीला ते आवडत नाही, मग ती एक तर खात नाही नाहीतर ट्रे वापरत नाही.

पिंजऱ्याचा खरा उपयोग नंतर आहे, आणि तोही कुत्र्याशी ओळख करून देताना. रोज थोडा वेळ, तीन बाजूंनी चादर टाकून, जमिनीऐवजी दिवाणावर ठेवलेला पिंजरा आणि खाली साखळीला बांधलेलं पिल्लू. वेगळी खोली खरोखरच नसेल तर पिंजरा हॉलमध्ये न ठेवता झोपायच्या खोलीत ठेवा आणि त्या खोलीचं दार लावून घ्या. म्हणजे झाली वेगळी खोलीच, जरा लहान.

वेगळी खोली, आणि ती कुठली

गावाकडचं जुनं माळवदाचं घर असेल तर प्रश्न निम्मा सुटला. जाड मातीच्या भिंतींची आतली खोली वैशाखातही निवांत असते. शहरातल्या घरांत मात्र रिकामी खोली म्हटलं की गच्चीवरची पत्र्याची खोली पुढं येते. मार्चनंतर तिथं मांजर ठेवू नका. बाहेर पारा बेचाळीसला टेकलेला असतो तेव्हा पत्र्याखाली भट्टी होते, आणि म्हाताऱ्या मांजरींची मूत्रपिंडं बऱ्याचदा आधीच दमलेली असतात. अंगातलं पाणी कमी होणं त्यांना झेपत नाही.

दुसरी रिकामी खोली असते धान्याची. ज्वारी, तूर, हरभऱ्याची पोती, आणि कीड लागू नये म्हणून त्यात टाकलेल्या विषारी गोळ्या. या गोळ्यांमधल्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फिन वायू सुटतो. तो माणसालाही मारतो, तिथं चार किलोच्या जिवाचं काय. धान्य काढून खोली झाडली तरी मन घट्ट करून दुसरी खोली शोधा. गाद्या-गोधड्या ठेवायच्या खोलीतून डांबराच्या गोळ्या आणि उंदराचं औषध आधी बाहेर काढा आणि चार दिवस खिडक्या उघड्या ठेवा. फरशी पुसायला फिनेल नको. मांजरीचं यकृत त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं पचवू शकत नाही, आणि ती पाय चाटते तेव्हा फरशीवरचं सगळं पोटात जातं. साधं साबणाचं पाणी पुरे.

खोली ठरली की तिच्यात तिचं गावाकडचं अंथरूण न धुता आणा. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी असेल तर त्याहून चांगलं. लपायला आडवं खोकं, पलंगावर चढायला पाट किंवा बुटका स्टूल. ट्रेची एक बाजू कापून इतकी खाली घ्या की तिला पाय फार उचलावा लागणार नाही. ट्रेमध्ये चाळलेली वाळू किंवा लाकडाचा भुसा चालतो. आपल्याकडं कित्येक गावांत नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं रोज ट्रे धुण्यापेक्षा वरचा ओला भाग काढून टाकणं सोयीचं पडतं. पाण्याची वाटी जेवणापासून लांब ठेवा, आणि एक नाही, दोन.

पहिले आठ-पंधरा दिवस तिला कुणाला दाखवायचंच नाही. त्याचा आणखी एक फायदा असा की गावातल्या बोक्यांकडून सर्दीचा विषाणू, पिसवा किंवा गजकर्ण घेऊन आली असेल, तर ते घरभर पसरायच्या आत कळतं.

ओळख सुरू करायची ती मोज्यापासून. धुतलेला सुती मोजा हाताला चढवायचा, म्हातारीच्या गालावरून, कानामागून हळूहळू फिरवायचा, आणि बाहेरच्या मांजरींच्या ताटलीजवळ ठेवायचा. मग दुसरा मोजा उलट दिशेनं. आमच्या घरी परतून आलेल्या मनीनं असा मोजा आधी लांबून हुंगला, कान मागे केले, आणि पंजानं ताटलीपासून दूर सारला. चौथ्या-पाचव्या खेपेला तो तसाच राहू दिला आणि जेवत राहिली. तिला बाहेरच्यांचा वास चालायला लागला, हे मला तिथं कळलं. हा टप्पा गाठेपर्यंत दार उघडायचं नाही, मग घरातले कितीही "आता झालं की" म्हणोत.

पुढची पायरी म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. आधी दारापासून लांब, मग रोज थोडं जवळ. अधूनमधून अदलाबदल: म्हातारीला तासभर घरात फिरू द्यायचं आणि तेवढा वेळ बाकीच्यांना तिच्या खोलीत ठेवायचं. इथं आपल्या घरांची एक जमेची बाजू आहे. डासांसाठी बसवलेलं जाळीचं दार बहुतेक घरांत असतंच. लाकडी दार उघडं आणि जाळीचं बंद, अशी पहिली नजरभेट जेवणाच्या वेळीच करा. जाळीवर खाली अर्ध्या उंचीपर्यंत चादर अडकवली तर नको असेल तेव्हा म्हातारीला आडोसा मिळतो.

फिस्कारलं, गुरगुरलं तर घाबरू नका. ते बोलणं आहे: "लांब राहा." काळजी करायची ती गप्प बसणाऱ्या मांजरीची. तरणी मांजर ट्रेच्या वाटेवर शांतपणे आडवी पडते, म्हातारी दारापर्यंत येते आणि परत फिरते. आवाज काहीच होत नाही, घरातल्यांना वाटतं जमलं. दोन दिवसांनी गादीवर मूत सापडतं आणि दोष म्हातारीवर येतो. म्हणून ट्रे मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त हवेत, आणि वेगवेगळ्या खोल्यांत. खरीच जुंपली तर मध्ये हात घालू नका. पुठ्ठा किंवा उशी मध्ये सरकवा. चावा बसलाच तर साबणानं भरपूर वेळ धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरात कुत्रा असेल तर

कुत्र्याची खोड मोडायला मांजर नसते, त्याला "बस" आणि "थांब" कळत असेल तरच भेट घडवा. त्याहून महत्त्वाचं सांगते. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी जे थेंब टाकतात, त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजरीला नाही. तिला झटके येतात, जीव जातो. कुत्र्याला बिलगून झोपली किंवा त्याचं अंग चाटलं तरी बाधा होते. मांजर यायच्या आधी पाकीट वाचा, परमेथ्रिन असेल तर पशुवैद्याकडून औषध बदलून घ्या. आणि कुत्र्याचं औषध अर्धं करून मांजरीला टाकायचं, असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका.

आहे तिथंच राहू देणं

हा पर्याय बोलायला जड जातो, पण तो तोलून बघाच. मांजर चौदा-पंधराची आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, दिसतं कमी, आणि आईच्या ओसरीवर तिची उन्हाची जागा, झोपेची जागा, जेवणाची वेळ सगळं बसलेलं आहे. आईचंही तिच्यावाचून होत नाही. अशा मांजरीला गजबजलेल्या घरात आणणं हे आपल्या ओढीपायी होतं. तिथंच राहू द्या आणि औषधपाणी, मांसाहारी कॅट फूड इकडून पोचतं करा. नुसत्या दूध-भाकरीवर मांजरीचं भागत नाही. तिला लागणारं टॉरिन मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात.

याउलट तिकडं बघणारं कुणी उरलं नसेल, आई-वडीलच तुमच्याकडं राहायला येत असतील, किंवा गावातले बोके तिला रोज मारत असतील, तर आणा. आणायच्या आधी रक्त-लघवी तपासा, दात बघून घ्या, रेबीज आणि तिहेरी लस झाली आहे का पाहा. तालुक्याच्या दवाखान्यात गुराढोरांची गर्दी असते आणि मांजरीचं रक्त काढायची सोय असेलच असं नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांचा दवाखाना जवळ पडत असेल तर तिथं दाखवा.

वेळ आणि खर्च

खर्चात सगळ्यांत महाग पिंजरा, आणि सगळ्यांत कमी दिवस तोच कामाला येतो. वेगळ्या खोलीला पैसा फारसा लागत नाही, दिवस लागतात. तरण्या मांजरी दोन-तीन आठवड्यांत जमवून घेतात, म्हातारीला दीड-दोन महिने लागले तरी ते जास्त नाहीत. तेवढे दिवस घरातलं एक माणूस रोज सकाळ-संध्याकाळ त्या खोलीत बसायला हवं. ते जमणार नसेल, तर जमेल तेव्हाच आणा.

महिना निवडताना महालक्ष्म्यांच्या आसपास नको. तीन दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि दारं उघडी. दिवाळीत फटाके. मे महिन्यात प्रवासच नको, आणि नाइलाज असेल तर पहाटे निघून ऊन चढायच्या आत पोचा. दिवाळीनंतरची थंडी सगळ्यांत बरी. वेळ अमावस्येला घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात. ओळख पूर्ण झालेली नसेल तर त्या दिवशी म्हातारी आणि बाकीच्या मांजरी वेगळ्या खोल्यांत ठेवूनच निघा.

दोन महिन्यांनंतरही नजरानजर झाली की मारामारी होत असेल, तर घर कायमचं वाटून द्या: दिवसा म्हातारी खालच्या मजल्यावर आणि बाकीच्या वर, रात्री उलट. अनेक घरांत वर्षानुवर्षं असंच चालतं आणि मांजरी त्यात ठीक असतात. आणि कुठलाही मार्ग घ्या, पहिल्या आठवड्यात तिची ताटली रोज स्वतः बघा. आल्या दिवशी कमी खाल्लं तर चालेल. पूर्ण दिवस तोंड लावलं नाही तर पशुवैद्याला फोन करा, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठू लागते, आणि म्हाताऱ्या मांजरीला त्यातून बाहेर काढणं फार अवघड जातं.